लेकीच्या घरचं पाणी

माझा नवरा काही वर्षं आमच्याच घरात पाहुणा होता. लाइट बिल त्याच्या नावावर यायचं, कूलरचा वाळा तो बदलायचा, गच्चीवरच्या टाकीत उतरून ती तोच घासायचा. पण संध्याकाळी शेंद्र्याहून येणारी कंपनीची बस त्याला मुकुंदवाडीच्या नाक्यावर सोडायची, तिथून तो चालत घरी यायचा आणि चपला काढायच्या आधी दारात उभा राहून घसा खाकरायचा. आत माझी आई डोक्यावरचा पदर पुढं ओढायची, कॉटवरून उतरून जमिनीवर बसायची आणि मला हळूच सांगायची की पाव्हणं आले, पाणी दे. मग मी तांब्या-पेला घेऊन लगबगीनं जायची. नवरा खुर्चीच्या अगदी कडेवर, गुडघे जुळवून बसलेला असायचा.

आईला डिमेन्शिया झाला होता. डॉक्टरांनी हा शब्द सांगितला तेव्हा दवाखान्यातून घरी येईपर्यंत मीच तो विसरले. नवऱ्यानं विचारलं तर सांगता येईना. तो म्हणाला, नक्की तपासायला कुणाला नेलं होतं? मी त्याला त्या दिवशी चहा दिला नाही.

आई फुलंब्रीच्या पलीकडच्या एका वस्तीवरची. आमचं घर मेंढ्या राखणाऱ्यांचं. वडील गेल्यावर तिनं मेंढ्या विकल्या आणि थोड्या शेळ्या ठेवल्या. मला भाऊ नाही, बहीण नाही. पुढं गुडघ्यांनी जवाब दिला तेव्हा तिनं शेळ्याही विकल्या, आणि मग विकल्याचं विसरून त्यांना शोधत मोठ्या रस्त्यानं चालत निघाली. वस्तीवरच्यांनी मला फोन केला, आम्ही दोघं जाऊन तिला घेऊन आलो. जीपमध्ये ती सारखी मागं वळून एकेका शेळीला हाक मारत होती. ड्रायव्हर बिचारा दोनदा गाडी थांबवून खाली उतरून बघून आला.

आता आमच्यातली रीत सांगते, कारण सगळा घोळ तिचाच आहे. लेक ज्या घरी दिली त्या घरचं अन्नपाणी आईबापानं घ्यायचं नाही. लेकीला मूल झालं, नातवंड मांडीवर आलं की रीत सुटते, मग आजी-आजोबा लेकीकडं पोटभर जेवतात. आम्हाला मूल झालं नाही. इतकंच. दवाखाने झाले, देव झाले, आणि एक दिवस आम्ही दोघांनी तो विषय शिवणाच्या चिंध्यांसारखा गोळा करून बाजूला ठेवला. रीत मात्र सुटायची राहून गेली. दुसऱ्या आया काही वर्षं वाट बघतात आणि मग कुणी बघत नसताना लेकीकडं कपभर चहा घेतात. माझी आई त्यातली नव्हती. ती यायची सकाळच्या गाडीनं, भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून, पाण्याची बाटली वस्तीवरून भरून. माझ्या दारात बसून माझ्याच डोळ्यांदेखत स्वतःचं कोमट पाणी प्यायची. मी तरी चहा ठेवायची. तो गार व्हायचा, आणि ती गेल्यावर मी तो मोरीत ओतायची.

मला ते फार लागायचं. वाटायचं, दरवेळी येऊन ही मला नव्यानं ऐकवते की तुझी कूस अजून रिकामीच आहे. एकदा मी तिला तसं तोंडावर म्हणालेही. तिनं फडकं झटकलं, घडी घातली आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठली.

अशा बाईला मी कायमची माझ्या घरी आणली होती. पहिले काही दिवस तिनं कशालाच तोंड लावलं नाही. तेव्हा नवऱ्यानं एक नाटक काढलं. सकाळी माझाच स्वयंपाक डब्यात भरायचा, कॅनमध्ये आमच्याच माठातलं पाणी घ्यायचं, जिना उतरून कोपऱ्यापर्यंत जायचं, आणि परत येऊन सांगायचं की भावकीतून डबा आलाय, पाणी वस्तीवरच्या विहिरीचं आहे. वर भावकीतल्या बायकांचे निरोपही तो मनानं जुळवून सांगायचा. कुणाच्या म्हशीला पारडू झालं, कुणाच्या सुनेचं पटत नाही. आई डबा खाता खाता त्या सुनेची बाजू घ्यायची. हा माणूस कंपनीत मशीनचे पार्ट मोजतो यावर माझा तेव्हापासून विश्वास उरला नाही.

मग एका सकाळी ती उठली आणि हे घर तिचं झालं. कसं ते विचारू नका. तिनं खोलीभर नजर फिरवली, माझ्या शिलाई मशीनपाशी येऊन मला झापलं की शेळ्या बांधायच्या जागेवर हे काय आणून ठेवलंस, आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. माठावरचं झाकण काढलं, पेला बुडवला, गटागट पाणी प्यायली आणि हाताच्या पालथ्या बाजूनं तोंड पुसलं. मी ओट्याला टेकून बघत होते. आई माझ्या घरचं पाणी प्यायली होती. ज्या आजारानं तिची आख्खी वस्ती पुसून टाकली त्यानं हे एक बरं काम केलं असं मला वाटलं, आणि असं वाटल्याची लाजही वाटली. तेवढ्यात नवरा बनियनवर दात घासत बाहेर आला. आईनं चटकन पदर ओढला आणि मला दबक्या आवाजात विचारलं, "पाव्हणं कव्हा आले?"

त्या दिवसापासून तो पाहुणा. जावई म्हटल्यावर मान आला, आणि मानापायी त्याचे जे हाल झाले ते बघायला गंमत होती. घरात बनियनवर बसायची सोय गेली. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट. स्वतःच्या स्वयंपाकघरात जाता येईना, कारण जावई चुलीपाशी येत नसतात. आई त्याच्याशी थेट बोलायची नाही. तो चार हातांवर बसलेला असताना मला सांगायची की पाव्हण्यांना विचार, गावाकडं पाऊस काय म्हणतो. मी विचारायची. तो मला सांगायचा. मी तिला सांगायची. आमच्या तिघांत सगळ्यात दमणारी मीच.

आणि मी कोण? मी माहेरपणाला आलेली लेक. म्हणजे पाहुणे रोज संध्याकाळी मला घ्यायला यायचे.

"घ्यायला आले व्हय?" ती मला विचारायची.

तो मान हलवायचा.

"आत्ताच तर आली लेक. ऱ्हाऊ द्या म्हणावं अजून दोन दिस."

सुरुवातीला तो लगेच बरं म्हणायचा. मग त्याच्या लक्षात आलं की तिला घासाघीस आवडते, तेव्हा तो भाव खायला लागला. घरी खोळंबा होतो, भाकरीचे हाल होतात, लोक नावं ठेवतात. आई एकेक मुद्दा खोडायची. भाकरी थापायला शिका म्हणावं, हात काय मोडत नाय. शेवटी जिंकायची तीच. मग आता अंधार पडला, एवढ्या रात्री कुठं जाता, म्हणून त्याला मुक्कामाला ठेवून घ्यायची आणि त्याचं अंथरूण गॅलरीत घालायला लावायची. माहेरी नवरा-बायकोनं एका खोलीत निजायचं नसतं. पन्नाशी ओलांडलेला माझा नवरा मच्छरांना शिव्या घालत गॅलरीत झोपायचा आणि सकाळी अंग खाजवत, पिशवी घेऊन, सासूचा निरोप घेऊन कंपनीत जायचा.

रविवारी पंचाईत व्हायची. पाहुणा दिवसभर कसा बसणार? मग तो पिशवी घेऊन निघायचा, नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर पेपर वाचत बसायचा आणि जेवायच्या वेळेला घसा खाकरत परत यायचा. रिकाम्या हातानं येता येत नाही, म्हणून केळी आणायचा. घरात केळीच केळी. टपरीवाल्यानं मला एकदा बाजूला घेऊन विचारलं, वहिनी, घरी काही वाजलंय का?

हे सगळं हसण्यासारखं आहे खरं, पण यातच माझी वर्षं गेली. मी ब्लाऊज शिवते. शिवणाऱ्या बाईचा उद्या कसा असतो हे तिच्या गिऱ्हाइकांना विचारावं. लोकांना उद्या या, उद्या या सांगण्यात माझी निम्मी हयात गेली. आई आल्यावर तोच उद्या मी स्वतःला सांगायला लागले. ही लग्नसराई जाऊ दे, मग दाढ दाखवू. दिवाळी जाऊ दे, मग मैत्रिणीकडं चार दिवस जाऊन येऊ. तिला उठवणं, अंघोळ, गोळी, लघवीला नेणं, परत गोळी, मधूनच एखादी बाही जोडणं. सगळे दिवस एकाच ताग्यातून कापल्यासारखे, कुठला कुठला ते ओळखू येत नाही. एका मुलीच्या लग्नाचं ब्लाऊज मी शिवलं होतं. ती परवा आली तर कडेवर पोर. मी म्हणाले, अगंबाई, इतक्यात? ती म्हणाली, काकू, हा दुसरा. ज्यांच्या घरात मुलं वाढतात त्यांना वर्षं दिसतात, चपला लहान होतात, शर्ट आखूड होतात. आमच्याकडं लहान होत होती ती फक्त आई. तिची ब्लाऊजं मीच शिवायची, आणि दरवेळी बगलेतून थोडं आत घ्यावं लागायचं.

चिडचिड फार व्हायची माझी. खोटं कशाला बोलू. ती एकच गोष्ट सारखी विचारायची आणि मी वस्सकन अंगावर जायची. आपलं आयुष्य कुणीतरी मागच्या दारानं उचलून नेतंय आणि आपण पुढच्या दारात बसून म्हातारीला वरण-भात भरवतोय, असं वाटायचं.

त्यातून थोडं सावरलं ते या पाहुण्यामुळंच. ऊन कलायला लागलं की आई माझ्या मागं लागायची. केस विंचर, तोंड धू, पाव्हणं येतील, अशी भूतावानी बसू नको. मी आधी भांडले. मग भांडायचा कंटाळा आला म्हणून केस विंचरायला लागले. साडी बदलायला लागले. मशीनवर झाकण घालून दाराकडं तोंड करून बसायला लागले, कारण आई बसलेली असायची. आणि एका संध्याकाळी दारात घसा खाकरून उभ्या राहिलेल्या माणसाकडं मी नीट बघितलं. याच्या भुवया कधी पांढऱ्या झाल्या? हा डावा पाय जरा ओढून कधीपासून चालतो? एका घरात राहून मी त्याला असं येताना कितीतरी वर्षांत पाहिलंच नव्हतं. आई मला म्हणाली, लई दिसांनी आले गं पाव्हणं. मी म्हणाले, व्हय, लई दिसांनी. तेव्हा मी नाटक करत नव्हते. वेळ काही माझ्यासाठी थांबला नाही. पण रोज संध्याकाळी त्याला थोडं बसवून चहा पाजता येतो एवढं मी आईकडून शिकले, आणि त्यानंतरचे दिवस मला वेगवेगळे आठवतात.

माझे पिकलेले केस आईला दिसायचे, पण त्याचा दोष तिनं सासरच्यांवर टाकला होता. एवढ्या कोवळ्या वयात केस पिकले, लई काम लावतात का? मग ती पाव्हण्यांकडं असं काही बघायची की तो केळ्याची साल हातात घेऊन खाली मान घालायचा. मी त्याला वाचवायची नाही.

दोन गोष्टींची मला धास्ती होती. एक म्हणजे ती मला विसरेल. रोज सकाळी तिचे पाय चोळताना मी विचारायची, मी कोण? ती म्हणायची, लेक माझी, दुसरी कोण, येडी झालीस का? परीक्षा तिची असायची आणि घाम मला फुटायचा. दुसरी धास्ती पाण्याची. एका उन्हाळ्यात तिच्या पोटात पाणी कमी गेलं, आम्हाला कळलं नाही, आणि तिला भरती करावं लागलं. सलाइनची सुई उपटते म्हणून तिचे हात कॉटला बांधले होते. ती घरी परत आली ती पुरती आली नाही. चालणं गेलं, काही शब्दही गेले. डॉक्टरांनी बजावलं, पाणी चुकवू नका, पुढच्या वेळी किडनी दाद देणार नाही. तेव्हापासून मी दिवसभर तिच्यापुढं पेला धरत राहायची, आणि ती प्यायची, कारण माठ तिचा होता, घर तिचं होतं.

पुढच्या वर्षी मे महिन्यात कंपनीला काही दिवस सुट्टी मिळाली आणि पाहुणा घरीच राहिला. टपरीवर तरी किती बसणार, ऊन मी म्हणत होतं. आईला काळजी लागली. मी तिला धरून मोरीशी नेलं तेव्हा तिनं हळूच विचारलं, पाव्हण्यांचं काम सुटलं का? मग म्हणाली, तुझं काय चुकलं असलं तर पाया पड आणि जा बाई त्यांच्यासंगं. मी नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, सासूबाई माझ्या बाजूच्या आहेत, चुकलं असलं तर बघ. असे आम्ही हसत होतो. नळाला आठवडाभर पाणी नव्हतं म्हणून टँकर सांगितला होता. सकाळी मी आईला हवेला म्हणून दाराशी खुर्ची टाकून बसवलं होतं आणि आत पीठ मळत होते. टँकरवाला पाइप ओढत वर आला आणि त्यानं आईलाच माझ्या सासरचं आडनाव घेऊन विचारलं, घर हेच ना? आई म्हणाली, नाय, हे माझं घर हाय, ते माझे जावई. तो भला माणूस हसून म्हणाला, आजी, मग जावयाचंच घर हाय हे, दरसाली मीच टाकी भरतो त्यांची.

मी पिठाच्या हातानं बाहेर आले तोवर आईनं खोलीभर बघून घेतलं होतं. तिचं तोंड उतरलं होतं. ती म्हणाली, "पाव्हण्यांच्या घरी खात बसले व्हय मी?"

तिच्या डोक्यात काही टिकत नव्हतं. जेवली हे हात धुवेपर्यंत विसरायची. वडील गेलेले विसरायची. मला वाटलं, चहा होईपर्यंत हेही जाईल. पण बाकी सगळं वाहून गेलं तरी रीत तळाला घट्ट बसली होती. तिनं चहा घेतला नाही. जेवली नाही. पाण्याचा पेला पुढं केला की ओठ आवळून मान फिरवायची. नवरा पिशवी घेऊन बाहेर जाऊन परत आला, घसा खाकरला; तिनं पदर ओढला आणि माझ्याकडून निरोप दिला की चूक झाली, पदरात घ्या, मला वस्तीवर धाडा. त्यानं डब्याचं नाटक केलं, तिनं डबा ओळखला. शेजारणीच्या हातून पाजावं तर समोरचं दार सुट्टीत गावाला गेलेलं, कुलूप. वस्तीवर न्यावं तर तिथलं घर पडलेलं, आणि एवढ्या उन्हात ती पोचली असती की नाही देव जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच. जीभ कोरडी पडली, बोलणं जड झालं. दुपारी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, संध्याकाळपर्यंत पाणी गेलं नाही तर भरती करा. नवरा रिक्षा बघायला गेला.

मी एकटी तिच्याजवळ बसले होते. मला ते बांधलेले हात दिसत होते. या वेळी ती घरी येणार नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. ओला रुमाल तिच्या ओठांना लावला तर तिनं तोंड फिरवलं, आणि माझा तोल गेला. मी ओरडले. तुझ्या त्या रीतीपायी माझ्या दारात जीव देणार आहेस का, जन्मभर मला हिणवलंस ते कमी पडलं का, असं नाही नाही ते बोलले. ती माझ्याकडं बघत राहिली. मग अगदी अदबीनं म्हणाली, "बाई, तुम्ही कोण?"

तुम्ही. मला आईनं कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. ज्या प्रश्नाला मी रोज सकाळी घाबरत होते तो भर दुपारी येऊन समोर बसला. तुझी लेक, हे शब्द माझ्या दातांपर्यंत आले होते. तेवढ्यात माझं लक्ष गेलं की इतका वेळ अवघडून बसलेली आई आता भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली आहे. लेकीच्या घरात असं बसत नाहीत. परक्याच्या ओसरीवर बसतात.

"मी शिवणकाम करते," मी म्हणाले. "हे माझं घर हाय. उन्हात दिसलात म्हणून आत घेतलं."

"माझ्या लेकीचं घर नव्हं हे?"

"नाय. तुमची लेक पलीकडल्या गल्लीत ऱ्हाते."

तिनं मशीनकडं बघितलं, दोरीवर टांगलेल्या ब्लाऊजांकडं बघितलं, मग माझ्या चेहऱ्याकडं आणि केसांकडं. तिची लेकही शिवते, ती म्हणाली, पण ती तरणी हाय. तिची खात्री पटली. जी वर्षं माझ्या हातातून निसटली म्हणून मी कुढत होते, ती सगळी माझ्या तोंडावर होती आणि त्यांनी माझ्या बाजूनं साक्ष दिली.

"मग घोटभर पाणी द्या की बाई," ती म्हणाली. "घसा पार वाळला."

मी पेला तिच्या हातात दिला. ती हळूहळू, डोळे मिटून सगळा प्यायली. मी तिच्या गळ्याकडं बघत होते. मग तिला बोलावंसं वाटायला लागलं, आणि तिनं मला माझ्या चुगल्या सांगितल्या. लेकीचा हात चांगला आहे पण जीभ वाईट. ती वळणानं बापावर गेली. जावई देवमाणूस, म्हणून नांदली, दुसऱ्यानं कधीच वस्तीवर आणून सोडली असती. मी म्हणाले, इतकी वाईट हाय का? ती म्हणाली, वाईट नाय, तापट हाय. मग मी विचारलं, तिच्याच घरी पाणी का नाय घेतलंत?

ती रिकामा पेला हातात फिरवत राहिली. मला वाटलं, गेलं हेही डोक्यातून.

"लेकरू नाय तिला," ती म्हणाली. "समदे म्हनायचे, आता पी, आता काय व्हायचं ऱ्हायलंय. मला काय तहान लागत नव्हती व्हय? पर म्या पाणी पिले असते तर तिला कळलं असतं, की आईनंबी आस सोडली. म्हणून नाय पिले."

पेला तिनं माझ्यापुढं धरला, अजून हवं होतं. तिला सांगू नका, म्हणाली, उगा रडत बसंल.

नाही सांगत, मी म्हणाले, आणि दुसरा पेला भरायला आत गेले. माठापाशी मला बराच वेळ लागला, कारण ब्लाऊज शिवणाऱ्या परक्या बाईला रडायचं काही कारण नव्हतं.